'सर्व्हायकल' म्हणजे मानेचं दुखणं नव्हे: लीप, टाका आणि माझं बाळंतपण

पाचव्यादिवशीपाणी

लेक साडेपाच महिन्यांची आहे, आत्ता कुठे झोपलीय, म्हणून एका दमात लिहून टाकते. मध्येच उठली तर धागा अर्धा राहील, सांभाळून घ्या.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीवाल्या मॅडम म्हणाल्या, "सर्व्हायकल लेंथ कमी आहे." ह्यांनी तिथूनच घरी फोन करून तेवढंच सांगितलं. आम्ही घरी पोचलो तर सासऱ्यांनी नव्या पेठेतून मानेचा पट्टा आणून टेबलावर ठेवलेला. "सर्व्हायकलला हाच चालतो, मलापण हाच दिला होता." मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. सासरे घाबरून पट्टा परत द्यायला निघाले.

खरं तर ते फारसे चुकले नव्हते. सर्व्हिक्स म्हणजे लॅटिनमध्ये मानच. गर्भपिशवी ही उलटी धरलेली घागर समजा, आणि सर्व्हिक्स म्हणजे तिची मान. आपल्याकडे म्हणतात 'पिशवीचं तोंड'. नऊ महिने ते बंद राहायचं आणि शेवटी काही तासांत दहा सेंटीमीटर उघडायचं. माझं निम्म्यातच उघडायला निघालं होतं, आणि मला कळ म्हणून आली नव्हती.

आता मागचं सांगते. सहा वर्षांपूर्वी आम्ही पुण्यात नोकरीला होतो. संबंधानंतर दोन-तीनदा रक्त दिसलं म्हणून पॅप केली (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी पुसून घेऊन तपासतात ती). त्यातून दुर्बिणीची तपासणी, मग तुकडा काढला, आणि रिपोर्ट आला सीआयएन ३. कॅन्सर नव्हे, पण त्या वाटेवरचं शेवटचं स्टेशन म्हणा. मग 'लीप' केली: विजेने तापवलेल्या तारेच्या कडीने पिशवीच्या तोंडाचा खराब भाग कापून काढतात. वीस मिनिटांचं काम. रिक्षाने घरी आले आणि संध्याकाळी खिचडी लावली.

ह्या खिचडीमुळेच घोळ झाला. दिवस गेल्यावर इथे सोलापुरात नाव घातलं तेव्हा फॉर्मवर रकाना होता: 'पूर्वी झालेली शस्त्रक्रिया'. मी लिहिलं 'नाही'. पूर्ण भूल नाही, टाके नाहीत, अ‍ॅडमिट नाही, मग ते ऑपरेशन कसलं! आणि तोंडाने कुणी विचारलं नाही. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड, सगळं विचारलं. पिशवीच्या तोंडाला कधी काही केलंय का, हे नाही.

एकोणिसाव्या आठवड्यात मोठी सोनोग्राफी झाली. पोटावरून, लघवी तुंबवून. रिपोर्टात 'सर्व्हिक्स ३.४ सेमी'. सगळं छान. पुढे दोन आठवड्यांनी खाली जड जड वाटायला लागलं आणि पाण्यासारखं पातळ अंगावरून जायला लागलं. सासूबाई म्हणाल्या होतंच असतं, आई म्हणाली होतंच असतं, मलाही वाटलं होतंच असेल. तरी गेले. ह्या वेळी दुसरं सेंटर. फॉर्म एफवर (मुलगा-मुलगी विचारणार नाही, ह्या सरकारी कागदावर) सही केली आणि मॅडम म्हणाल्या, "आधी लघवी करून या, आतून बघायचंय." मी म्हटलं, तिकडे तर भरून या म्हणतात! त्या म्हणाल्या, भरलेल्या मूत्राशयाचा दाब पडला की तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं.

आतून तीनदा मोजलं. १९, १८, १७ मिलिमीटर. सगळ्यात कमी असेल तोच आकडा धरतात. पडद्यावर मीही बघत होते: वरच्या बाजूने तोंड नरसाळ्यासारखं उघडलेलं, खाली थोडंसंच बंद. चोविसाव्या आठवड्याआधी २५ मिमीच्या खाली असेल तर आखूड म्हणतात. मॅडमनी सोनोग्राफीची काठी बाहेर काढायच्या आधीच विचारलं, "इथे आधी काही केलंय का?"

पहिल्यांदा कुणी विचारलं. पहिल्यांदा मी सांगितलं.

फाईल पुण्याच्या घरबदलीत गेलेली. रात्री अकराला जुन्या ईमेलमध्ये लॅबचा रिपोर्ट सापडला. कापलेल्या तुकड्याची खोली लिहिली होती, १६ मिमी. हा एक आकडा पहिल्या दिवशी डॉक्टरांपुढे असता तर सोळाव्या आठवड्यापासूनच दर पंधरा दिवसांनी आतून मोजलं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनची) २०० मिग्रॅची गोळी आतून ठेवायला दिली. आठवड्याने परत मोजलं तर ९ मिमी, आणि बोट जाईल इतकं तोंड उघडलेलं. त्याच संध्याकाळी कमरेत इंजेक्शन देऊन टाका घातला. बटव्याला नाडी ओवून आवळतात ना, तसाच.

बाकी उद्या. उठली.

होटगीरोडकर

ताई, वाचून घाम फुटला. मिसेसचा १४ वा आठवडा चालू आहे. तिचं कसलंच ऑपरेशन झालेलं नाही. तरी आतून सोनोग्राफी करून घ्यायची का? आतून म्हटलं की ती नकोच म्हणते, बाळाला धक्का लागेल म्हणून.

कडकभाकरी

टाक्यापेक्षा पूर्ण आराम महत्त्वाचा. माझ्या जावेला पाचव्या महिन्यापासून पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवून झोपवलं होतं. उठायचं नाही, अंघोळसुद्धा नाही. नऊ महिने पूर्ण भरले. उगाच सुया-दोऱ्याच्या मागे लागू नये.

लेबररूम_रात्रपाळी

मी डॉक्टर नाही, स्टाफ नर्स आहे. बारा वर्षं लेबर रूमला आहे, त्यातली बरीचशी रात्रीचीच. जे रोज बघते ते लिहिते. कुणी औषध मात्र ह्यावरून ठरवू नका.

कडकभाकरी ताई, आधी विटांचं. जावेचं चांगलं झालं, आनंद आहे. पण झोपून राहिल्याने तोंड उघडायचं थांबतं असं दिसून आलेलं नाही. उलट महिनोन्‌महिने पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, अंगातली ताकद जाते, बाई मनाने खचते. जड उचलू नका, संबंधाबद्दल डॉक्टरांना विचारा, हे ठीक. अंघोळ बंद कशाला? आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात!

होटगीरोडकर, आतल्या सोनोग्राफीने बाळाला काही होत नाही. काठी योनीमार्गातच राहते, पिशवीच्या तोंडात जात नाही. मिसेसची पहिलीच खेप, मागचं काही नाही, तर १९-२० आठवड्यांच्या सोनोग्राफीला एवढंच म्हणा, "तोंडाची लांबी मोजून रिपोर्टात लिहा." पोटावरून नीट दिसलं नाही किंवा कमी वाटलं तर ते स्वतःच आतून बघतील.

आता टाक्याचं. टाका सगळ्यांना घालत नाहीत, आणि तो तीन वेळांना घालतात. एक, आधीच्या खेपांत कळा न येता चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट पडलेलं असेल तर बारा ते चौदा आठवड्यांनाच. दोन, आधी दिवस भरायच्या आत बाळंतपण झालंय आणि ह्या खेपेला मोजमापात तोंड आखूड होत चाललंय तेव्हा. तीन, ताईंसारखं, तोंड उघडलेलं हातालाच लागतं तेव्हा. नुसतं आखूड आहे आणि मागचा त्रास नाही, तर बहुतेक डॉक्टर आधी प्रोजेस्टेरॉनच देतात. जुळी असतील तर हिशेब पुन्हा वेगळा.

टाका ३६-३७ आठवड्यांना काढतात, बहुतेकदा भूल न देता. चिमटा घेतल्यासारखं दुखतं. त्यानंतर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. टाका होता म्हणून सिझर, असं नाही.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहिली असती, पण मोठी अक्षरं कुणी वाचत नाही. टाका असताना कळा सुरू झाल्या, पाणी गेलं किंवा रक्त गेलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. कळा चालू असताना टाका तसाच राहिला तर तोंड फाटतं. दारात पाऊल टाकताच सांगा, टाका आहे. रात्री तीनला बाई येते, नातेवाईक म्हणतात पहिलीच खेप आहे, वेळ लागेल. टाक्याचं कुणालाच आठवत नाही. मग आम्ही तपासतो आणि हाताला दोरा लागतो.

गणपतीघाट

थोडं विषयांतर, पण अभिमानाचं. हा जो टाका आहे ना, त्यातला एक प्रकार जगभर 'शिरोडकर' नावाने ओळखला जातो. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, जन्म गोव्यातला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे. त्यांनी ही पद्धत १९५५ साली मांडली. सुरुवातीला ते दोऱ्याऐवजी बाईच्याच मांडीतल्या पडद्याची पट्टी काढून तिने तोंड आवळत. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनल्ड यांनी सोपी रीत सांगितली, तीच आज जास्त वापरतात. शिरोडकर टाका जास्त वर बसतो, त्यासाठी मूत्राशय थोडं वर सरकवावं लागतं. आपण मात्र टाका घालून आलो की म्हणतो 'फॉरेनची टेक्निक आहे'.

दुसरं आपल्या जिल्ह्यातलं. लीपपर्यंत बाई पोचते ती तपासणीमुळे. शेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. त्यात टाटा मेमोरियल होतं आणि आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलही. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्हीची (ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची) तपासणी झाली, त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बार्शीत बसून जगाला सांगितलेली गोष्ट आहे ही.

कुंभारीची_अक्का

मला तुमच्यासारखं लिवता येत नाही, मुलगा टाइप करून द्यालाय. आमच्या भावजयचं दोन टायमाला गेलं. दोन्ही बी पाचव्यात. कळ नाही, काही नाही, बाथरूमला गेली आन्‌ झालं. घरात बोलले हिला दृष्ट लागली, हिचा पायच असा. एक म्हातारी बोलली बिड्या वळायला बसती म्हणून पिशवी खाली आली. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत, दोन म्हयने झाले. तिनं कोणालाच सांगितलं नाही, मलाच सांगितलं. हे टाक्याचं तिला चालतंय का?

लेबररूम_रात्रपाळी

अक्का, ह्याच आठवड्यात तिला घेऊन सिव्हिलला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. 'दोनदा पाचव्या महिन्यात, कळा न येता', हे शब्द असेच्या असे सांगा. कळा न येता हे महत्त्वाचं आहे, डॉक्टर लगेच कान टवकारतील. आधीचे कागद, सोनोग्राफ्या, पिशवी साफ केल्याची चिठ्ठी, असेल ते सगळं पिशवीत घालून न्या. टाका घालायचा ठरला तर वेळ बाराव्या ते चौदाव्या आठवड्याची, म्हणजे तुमच्या हातात महिनाभर आहे. आधी बाळाचे ठोके बघतील, अंगावरून पांढरं जात असेल तर इन्फेक्शन तपासतील, मग टाका.

बसून बिड्या वळल्याने पिशवीचं तोंड उघडत नाही. तंबाखूची धूळ पोटुशी बाईला वाईटच, पण ते वेगळं दुखणं. आणि तिचा पाय बिय काही वाईट नाही, त्या म्हातारीला माझा निरोप द्या.

शेंगाचटणी

इथे एक विचारू का? मला अंगावरून पांढरं जातं म्हणून एका ठिकाणी दाखवलं. टॉर्च टाकून बघितलं आणि म्हणाले, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, शेकून (म्हणजे जाळून) घ्या, नाहीतर पुढे कॅन्सर होईल, दोन मुलं झालीत तर पिशवीच काढून टाका. वय ३१. पॅप केलीच नाही. माझ्या माळशिरसच्या आत्याची ह्याच कारणाने अठ्ठाविसाव्या वर्षी काढली, ती ऊसतोडीला जायची. आणि गंमत म्हणजे मला तिसरं हवंय.

पाचव्यादिवशीपाणी

शेंगाचटणी, थांब. मी दोन डॉक्टरांना विचारून घेतलेलं सांगते. ती 'जखम' पुष्कळदा जखम नसतेच. तोंडाच्या आतल्या बाजूचं लालसर मऊ अस्तर बाहेर आलेलं असतं. पोटुशीपणात तर सर्रास येतं, गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतं. हात लागला की रक्ताचा ठिपका दिसतो म्हणून भीती वाटते. एवढ्यासाठी पिशवी काढत नाहीत. आधी पॅप किंवा एचपीव्ही, वास-खाज असेल तर इन्फेक्शनचं औषध, आणि कागदावर निदान लिहून घे. तोंडी 'जखम' नको. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ ला गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. आपल्या जिल्ह्यात ऊस कमी आहे का?

मोहोळवाली

धागा वाचून माझं डोकं उलटं चालायला लागलंय. माझी एचपीव्ही पॉझिटिव्ह आलीय, बायोप्सीत सीआयएन २. अजून मूल नाही. लीप केली की दिवस भरायच्या आत बाळंतपण होणार असेल तर आधी मूल होऊ देते, उपचार नंतर. चुकतंय का माझं?

गणपतीघाट

माझ्या मते थांबावं. आधी मूल.

लेबररूम_रात्रपाळी

गणपतीघाट, शिरोडकरांपर्यंत तुम्ही बरोबर होता.

मोहोळवाली, लीप झालेल्या बहुतेक बायका पूर्ण दिवसांनी बाळंत होतात. जोखीम वाढते, पण ती कापलेल्या तुकड्याच्या खोलीप्रमाणे वाढते. दहा मिमीच्या आत असेल तर कमी, पंधरा-वीसच्या पुढे किंवा दोनदा कापलं असेल तर जास्त. ताईंचं १६ होतं. आणि ज्यांना हे बदल असतात पण उपचार झालेले नसतात, त्यांनाही इतर बायकांपेक्षा थोडी जोखीम असतेच. म्हणजे लीप टाळली की सगळं टळलं असं नाही.

तुमचं २ आहे. कमी वयात सीआयएन २ पुष्कळदा आपोआप मागे जातो, म्हणून काही डॉक्टर दर सहा महिन्यांनी दुर्बिणीने बघत थांबतात. ३ असेल तर सहसा थांबत नाहीत. काही ठिकाणी कापण्याऐवजी गोठवून किंवा शेकून नष्ट करतात, त्यात कापण्याइतका भाग जात नाही, पण ते सगळ्यांना चालत नाही. तुम्ही जाऊन म्हणा, "मला मूल हवंय, किती खोल कापणार?" हा प्रश्न विचारलात की डॉक्टर बेत त्या हिशेबाने करतात. तुमचे बदल पुढे गेले आणि कॅन्सर झाला तर पिशवीच जाऊ शकते, तेव्हा नुसतं 'नंतर' म्हणून तारखेशिवाय उठू नका.

मध्येच दिवस गेले तरी घाबरू नका. पोटुशीपणात पॅप चालते, दुर्बिणीची तपासणी चालते, पोट पडत नाही. कॅन्सरचा संशय नसेल तर लीप बाळंतपणानंतरच करतात. एचपीव्ही आहे म्हणून सिझर लागत नाही. लस मात्र पोटुशी असताना घेत नाहीत, चुकून घेतली गेली असेल तर उरलेले डोस नंतर.

क्वचित उलटंही होतं. लीपनंतर तोंडाला वण पडून ते कडक होतं, कळा जोरात येतात पण तोंड उघडतच नाही. तेव्हाही आम्हाला आधीचं माहीत असलं की वाट किती बघायची ते ठरवता येतं.

कडकभाकरी

विटा काढल्या हो. (जावेला वाचून दाखवलं, ती म्हणाली मला तेव्हाच अंघोळ करायची होती.)

पाचव्यादिवशीपाणी

राहिलेलं लिहिते. टाका घातल्यावर तिसऱ्या दिवशी घरी आले. थोडं रक्त, थोडी कळ, दोन दिवसांत बंद. घरात फिरत होते, स्वयंपाक करत होते. फक्त ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी मला मोरीच्या आसपास फिरकायची बंदी. घागरी ह्यांनी आणि सासऱ्यांनी भरल्या. सासूबाई म्हणायच्या, एका घागरीची मान सांभाळायला दोन पुरुष लागले.

एकतिसाव्या आठवड्यात एका रात्री पोट कडक व्हायला लागलं. अ‍ॅडमिट केलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. थांबलं.

तेव्हाच मी फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने लिहून ठेवलं: 'टाका आहे. कळा आल्या तर आधी टाका काढा. लीप, १६ मिमी.' ह्यांना तीनदा वाचायला लावलं. साडेपस्तीस आठवड्यांना रात्री दोनला पाणी गेलं. सिद्धेश्वरची गड्डा यात्रा चालू, रस्त्यांवर दोन वाजतासुद्धा माणसं. गाडीतच कळा. दारात व्हीलचेअर आली तर हे काही बोललेच नाहीत, नुसती फाईल वर धरली, मोर्चात बोर्ड धरतात तशी. सिस्टरने वाचलं आणि आत ओरडली. पंधरा मिनिटांत टाका कापला. चार तासांनी मुलगी. २ किलो ३००. पेटीत ठेवावी लागली नाही, छातीवर बांधून ठेवली.

पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यालाच टाक्याचं ठरवू, असं डॉक्टर म्हणाल्यात. पुढची खेप हा विषय अजून घरात निघालेला नाही.

कुंभारीची_अक्का

भावजयला नेलं होतं. कागद बघून डॉक्टरीणबाई लई येळ बोलल्या तिच्याशी. तेराव्या आठवड्याला टाका ठरला. ती घरात सगळ्यांसमोर बोलली, माझा पाय नाही, माझ्या पिशवीचं तोंड सैल हाय. म्हातारी गप.

शेंगाचटणी

पॅप नॉर्मल. इन्फेक्शनच्या गोळ्या सात दिवस. आत्याला फोन केला, तिच्याकडे पिशवी कशासाठी काढली त्याचा एकही कागद नाही.

मोहोळवाली

बार्शीला जाऊन दाखवलं. स्लाइड परत बघितल्या, २ च आहे. सहा महिन्यांनी बोलावलंय, तारीख चिठ्ठीवर लिहून दिलीय. तुमचं बघून मीपण पुठ्ठ्याची फाईल घेतली. लाल स्केचपेन अजून घेतला नाही.